खाणकामगारांच्या पोरांना झुंबरं कशाला? हिबिंगच्या सरकारी शाळेबद्दल

वर्धाकाठ (धागाकर्ती):
अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला, लोहखनिजाच्या पट्ट्यात, हिबिंग नावाचं सोळाएक हजार वस्तीचं शहर आहे. तिथलं सरकारी हायस्कूल १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं तेव्हा जवळपास ४० लाख डॉलर खर्च आला. सभागृहात १८०० खुर्च्या, न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरच्या धर्तीवर. छताला काचेची झुंबरं, जिन्यांना पितळी कठडे, आतच पोहण्याचा तलाव. आणि हे सगळं कोणासाठी? ज्यांचे बाप डबा घेऊन लाल धुळीत उतरायचे त्या पोरांसाठी, बिनफीचं.

मूळ गाव नेमकं खनिजाच्या थरावर वसलेलं. खाली कंपनीचा हक्क, वर लोकांची घरं. १९१९पासून ती घरं ओंडक्यांवर चढवून दोनेक मैल दक्षिणेला ओढत नेली. सेलर्स हॉटेल तर वाटेतच कोसळलं. मेयर व्हिक्टर पॉवर हे पेशाने वकील. खाणकंपन्यांनी गावाला भरपूर कर दिलाच पाहिजे यासाठी ते हट्टाने भांडले. शाळेचा पैसाही खाणींवरच्या करातूनच आला.

माझं म्हणणं सरळ आहे. गावातली सगळ्यात देखणी इमारत सरकारी शाळेची असावी. हिबिंगने पैसा उधळला असं मला मुळीच वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जुना शिक्षक:
एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, म्हणून स्पष्ट विरोध नोंदवतो. झुंबराखाली बसल्याने बीजगणित सोपं होत नाही. पोराला हवा असतो चांगला मास्तर, आणि वर्गात चाळीसच्या जागी पंचवीस मुलं.

दुसरं, खनिज एकदाच निघतं. ते विकून आलेला पैसा म्हणजे घरातलं सोनं मोडून आलेला पैसा, तो जपूनच वापरावा. मिनेसोटा राज्याने ते शहाणपण दाखवलं. १९२२ साली लोकांच्या मतदानाने घटनादुरुस्ती करून खाणींवर वेगळा कर बसवला आणि त्यातले ४० टक्के सबंध राज्याच्या कायमस्वरूपी शाळा निधीत टाकले. ते लोखंड एकट्या हिबिंगचं नव्हतं. दक्षिणेकडच्या मका पिकवणाऱ्याच्या पोराने काय पाप केलं होतं?

मिनियापोलिसची मीरा:
गुरुजी, मी ती शाळा पाहून आले आहे. आजही रोज भरते. साधा हिशोब करा, ४० लाख डॉलर शंभर वर्षांवर वाटले तर वर्षाला ४० हजार पडतात. शंभर वर्षं कामाला येणाऱ्या वास्तूला उधळपट्टी म्हणणं मला पटत नाही.

शिवाय तो काळ बघा. फिनलंड, इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशियाहून आलेली माणसं. शेजाऱ्याची भाषा शेजाऱ्याला कळत नव्हती. त्या पट्ट्यातल्या शाळांमध्ये संध्याकाळी मोठ्यांचेही वर्ग भरायचे. ग्रंथालयात लोहखनिज काढणाऱ्या मजुरांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. ते बघत मी किती वेळ उभी होते! आणि १९५९ला इथूनच बाहेर पडलेला गायक-गीतकार बॉब डिलन पोरवयात त्याच रंगमंचावर पियानो बडवत होता.

कातळवाट:
मीराताई, डिलनला मध्ये आणू नका. त्याच्या एका साहित्याच्या नोबेलवर शाळेचा खर्च वसूल झाला असं म्हणायचं, तर ज्या हजारो मुलांचं नाव कुणी घेत नाही त्यांच्यावरचा खर्च वाया गेला का?

माझा आक्षेप वेगळा आहे. त्याच पट्ट्यात १९०७ला संप मोडला, १९१६ला पुन्हा मोडला. माणसं आठ तासांचा दिवस मागत होती. कंपन्यांनी सशस्त्र रखवालदार उभे केले आणि युनियन मान्य केली नाही. त्यानंतर चारेक वर्षांत ही शाळा उभी राहू लागली. बापाच्या मागणीला लाठी आणि पोराच्या डोक्यावर झुंबर, हा सौदा मला चांगला वाटत नाही. वर घरही उचलून न्यायचं!

वर्धाकाठ:
कातळवाट, संपांबद्दल तुमचं शब्द न् शब्द मान्य. पण शाळा ही कंपनीची बक्षिसी नव्हती. कंपन्यांना हे कर नकोच होते. १९२१मध्ये विधिमंडळाने या गावांच्या करवसुलीवर दरडोई मर्यादा घातलीच की. म्हणजे गावाने हात आखडता घेतला असता तर तो पैसा मजुराच्या घरात गेला नसता, भागधारकांच्या खिशात गेला असता.

मी हे इतकं मनाला लावून लिहिते त्याला कारण आहे. माझी शाळा खाणीला लागूनच होती. पावसाळ्यात पाचवी आणि सहावी एकाच खोलीत बसायची, कारण दुसरी गळायची. ट्रक मात्र दिवसरात्र जायचे. आता २०१५पासून आपल्याकडे खाणींची झळ बसलेल्या गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. त्यामुळे ‘पैसा नाही’ हे कारण आता मला कुणी सांगू नये.

जुना शिक्षक:
शंभर वर्षांचा हिशोब मला सुचला नव्हता, तेवढं मान्य करतो. पण मीराताई, देखभाल? १९८०ला या शहरात २१ हजारांवर माणसं होती, आता पाचेक हजार कमी. पितळ घासायला आणि एवढी मोठी इमारत तिथल्या हिवाळ्यात उबदार ठेवायला पैसा दरवर्षी लागतो, आणि तो कमी झालेल्या माणसांनीच भरायचा. इमारत बांधतानाच तिच्या देखभालीची ठेव बाजूला काढायला हवी होती, एवढं तरी तुम्ही मान्य करा.

धागाकर्तीला एक विचारतो. तुमच्या गावच्या शाळेसाठी उद्या पैसा आला, तर आधी काय कराल?

वर्धाकाठ:
आधी छप्पर, गुरुजी. तुमची देखभालीची ठेव लगेच त्याच्यामागे. आणि मग एका भिंतीवर आमच्या गावच्या खाणीतल्या माणसांचं चित्र, मीराताईंनी पाहिलं तसं. त्यासाठी तुम्ही मला खर्चिक म्हणालात तरी चालेल.