ब्राह्मी नक्की कोणती? आणि घरचं ब्राह्मी तेल खवट का होतं?

पाटकरीण
नर्सरीत 'ब्राह्मी' या एकाच नावाने दोन वेगळी रोपं मिळतात. एक जमिनीलगत पसरणारं, लांब देठावर एकेक गोलसर पान असलेलं. दुसऱ्याची पानं बारकी, जाडसर, समोरासमोर. तेलाला आणि चटणीला यातलं कोणतं? पानं खोबरेलात उकळून केलेलं तेल महिन्याभरात खवट होतं, ते का? आणि पाटाच्या कडेला भरपूर उगवते ती आणून वापरली तर चालेल का?

झरीकाठ
दोन्ही खऱ्या आहेत, पण वनस्पती वेगळ्या. गोल पानाची ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. कोकण-गोव्याकडे एकपानी, काही ठिकाणी कारिवणा. ही गाजर, कोथिंबीर, जिरं यांच्या कुळातली, वर्षानुवर्षं टिकणारी. बारक्या पानांची ती नीरब्राह्मी, बाकोपा मोनिएरी. तिचा या कुळाशी संबंध नाही. आपल्याकडे आणि उत्तरेत बाजारात ब्राह्मी म्हणून बहुधा एकपानी देतात, केरळ आणि बंगालमध्ये ब्राह्मी म्हटलं की नीरब्राह्मी. आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशात 'ब्राह्मी' हे नाव नीरब्राह्मीला आहे, एकपानी तिथे 'मंडूकपर्णी' म्हणून येते. म्हणून तयार चूर्ण घेताना डब्यावरचं शास्त्रीय नाव वाचा, नुसत्या 'ब्राह्मी'वर जाऊ नका. मात्राही वेगळ्या आहेत: मंडूकपर्णीचं चूर्ण 3 ते 6 ग्रॅम, नीरब्राह्मीचं 1 ते 3 ग्रॅम.

चटणी आणि तंबळीसाठी (ताकात कालवलेली वाटलेली पानं) एकपानीच. नीरब्राह्मी फार कडू.

ओळख अशी: जमिनीवर धावणारी तांबूस वेल, प्रत्येक पेरापाशी मुळं आणि तिथूनच लांब देठाच्या पानांचा झुबका. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा बोथट दातेरी, देठ जोडतो तिथे खोल खाच. फुलं अगदी बारीक, तीन-चारच्या गुच्छात, पानांखाली दडलेली. कोथिंबिरीसारखी उंच छत्री शोधाल तर सापडणार नाही. फळ मात्र चपटं आणि दोन दळांचं असतं, तिथे कूळ कळतं.

माळरान_७
ओळखीत एक भर, कारण इथेच चूक होते. उंदीरकानीचं पानही तसंच दिसतं आणि तीही जमिनीवर पसरते. पण तिची फुलं पिवळी, घंटेसारखी, आणि पेरावर पान एकटं, आखूड देठाचं. शोभेच्या पाणवनस्पतींमध्ये एक नाण्यासारख्या पानाची असते, तिचा देठ पानाच्या मध्यावर खालून जोडलेला असतो, खाच नसते. ती एकपानी नव्हे.

पाटाच्या कडेची घ्यायची का, हे पाणी कुठून येतं त्यावर. डोंगराच्या झऱ्याचं असेल तर घ्या. वस्तीचं सांडपाणी किंवा फवारणीच्या शेताचं पाणी मिळत असेल तर अजिबात नको. ही वनस्पती चिखलातले जड धातू शोषते, ते धुऊन जात नाहीत. पान कच्चं खाल्लं जातं, म्हणून जंतांच्या अंड्यांची भीतीही आहे. त्यापेक्षा दोन-तीन पेरांचे मुळं असलेले तुकडे पसरट कुंडीत लावा. अर्धी सावली आणि कायम ओल एवढंच लागतं. कडक उन्हात पानं लहान, तांबूस आणि निबर होतात. काढताना देठ कापा, वेल उपटू नका. आठ-दहा दिवसांत पुन्हा फुटते.

कढईतेल
आता तेल. पानं उकळून केलेलं तेल खवट होतं, कारण पानातलं पाणी पूर्ण उडालेलं नसतं. जुन्या आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधराचं प्रमाण धरा: स्वरसात (ताज्या पानांच्या रसात) तेल सिद्ध करायचं तर तेलाच्या चौपट रस आणि तेलाचा आठवा भाग कल्क (वाटलेला ओला गोळा). म्हणजे 100 ग्रॅम खोबरेलाला 400 मिलि रस आणि 12 ग्रॅम वाटलेला पाला. एवढ्या रसाला जवळपास किलोभर ताजी एकपानी लागते, म्हणून लोक रस कमी करून तेल वाढवतात आणि मग गुण नाही म्हणतात.

कल्हईची किंवा स्टीलची कढई घ्या, ॲल्युमिनियम नको. रस, कल्क, तेल एकत्र करून मंद आचेवर, तळ खरवडत राहा. आधी तडतड आणि वाफ, मग आवाज कमी होतो आणि वर फेस येतो. तुपात उलटं, तिथे फेस मावळला की झालं. खात्री करायला कल्क बोटांत वळून बघा: वात झाली आणि विस्तवावर न तडतडता जळली की पाणी संपलं. तेव्हाच उतरवा. कल्क काळा कुरकुरीत झाला तर तेल करपलं, ते टाकून द्या. गाळल्यावर गार होईपर्यंत झाकण लावू नका, नाहीतर झाकणाला सुटलेलं पाणी तेलात पडतं. अर्धं काम तिथेच बिघडतं.

झरीकाठ
तंबळीचं प्रमाण देतो. वीस-पंचवीस पानं देठांसकट, अर्धा चमचा जिरं, चार मिरे. तुपात जिरं-मिरे परतून पानं घाला, मरगळली की लगेच उतरवा. तीन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटून दोन वाट्या ताकात मिसळा, मीठ, वर मोहरी-हिंगाची फोडणी. ताक घातल्यावर आचेवर ठेवू नका, फुटतं.

रोजचा स्वरस किंवा चूर्ण मात्र अन्नासारखं समजू नका. गरोदरपणी घेऊ नये. झोपेच्या किंवा अपस्माराच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा आजार असेल, तर वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. एकपानी घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

पाटकरीण
कळलं, पाटाला वरच्या वस्तीचं पाणी येतं, म्हणजे ती नकोच. रस गाळल्यावर चोथा उरतो, तोच कल्क म्हणून चालेल का?

कढईतेल
नाही. त्यातला अंश रसात निघून गेलेला असतो. रस काढायच्या आधीच 12 ग्रॅम पाला बाजूला ठेवा आणि वेगळा, पाण्याशिवाय वाटा. चोथा कुंडीत घाला.