ब्रोकनहर्स्टच्या चर्चमागची लष्करी थडगी आणि आमच्या माहेरची ‘देवी’ : माहिती हवी आहे

नौपाड्याची_आत्या

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मुलगा साउदॅम्प्टनला असतो. मे महिन्यात त्याच्याकडे होते. सून म्हणाली, आई, दुकानं पुरे झाली, चला जंगल दाखवते. गाडीने थोड्याच वेळात ब्रोकनहर्स्ट नावाचं गाव येतं, न्यू फॉरेस्टमध्ये. घोडी आणि गायी रस्त्यात मोकळ्या फिरतात आणि मोटारी त्यांच्यामागून मुकाट चालतात. राम मारुती रोडवर एवढा धीर कुणी धरला असता का, असं मनात आलंच.

गावाबाहेर चढावर सेंट निकोलस चर्च आहे. दाराशी यूचं झाड, हजार वर्षांहून जुनं म्हणतात. मागच्या उतारावर जुनी वाकडीतिकडी थडगी ओलांडून गेलं की एकदम पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा लागतात. सगळे एका मापाचे. वर नेच्याचं पान कोरलेलं, खाली नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. न्यूझीलंडची पोरं. बहुतेक १९१७ आणि १९१८. एवढ्या लांबून येऊन इथं, एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात कशी?

त्यात एक दगड वेगळा. चष्मा पुसून वाचला. सुखा, राहणार मोहल्ला गंगापूर, बरेली शहर. जखमी हिंदी शिपायांच्या लेडी हार्डिंग हॉस्पिटलात नोकर होता, १२ जानेवारी १९१५ ला वारला, वय ३०. पुढे चक्क लिहिलंय की हा धर्माने ख्रिस्ती नव्हता, पण दुसऱ्यांसाठी त्याने आयुष्य दिलं. आणि दगड गावकऱ्यांनी उभारला आहे. ख्रिस्ती नव्हता तर चर्चच्या आवारात का पुरला? सुनेला ठाऊक नव्हतं. परतताना एका गल्लीवर पाटी दिसली, ‘मीरत रोड’. म्हटलं, हे काय प्रकरण आहे?

आता दुसरा भाग. माझं माहेर खटाव तालुक्यात. पणजोबा पलटणीत होते, ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ एवढंच घरात बोललं जायचं. देवघरात एक गोल जाड थाळी आहे, तळहाताहून मोठी. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, बाजूला दोन मासे. आजी तिला ‘सरकारची देवी’ म्हणायची, नवरात्रात हळदकुंकू वाहायची. चिंचेने घासघासून बाईचं नाक गेलंय. एका चौकटीत इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातलं पहिलं नाव कसंबसं लागतं, पुढचं सपाट. ही थाळी नक्की काय आहे? आणि पणजोबांचं नाव कुठे कोरलेलं असेल का?

---

कोपरीकर_निवृत्त

आत्या, थाळीपासून सुरू करतो. ती देवी नव्हे, ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली ब्राँझची चकती, व्यास १२० मिलिमीटर. कडेने ‘स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल, हात फिरवून बघा. चौकटीत फक्त नाव असतं, हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. जनरलच्या घरी गेली तीच शिपायाच्या घरी. सातारा-कोकणाकडच्या बऱ्याच चकत्या मोडीत गेल्या. तुमची हळदकुंकवामुळे वाचली, आजीला नमस्कार.

आता ब्रोकनहर्स्ट. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये लढणाऱ्या मीरत आणि लाहोर डिव्हिजनचे जखमी शिपाई या गावी आणले. गावातली हॉटेलं ताब्यात घेतली, शेजारी लेडी हार्डिंग हॉस्पिटल उभारलं. मीरत रोड त्याची आठवण. १९१५ सरता सरता हे हिंदी पायदळ फ्रान्समधून काढून मेसोपोटेमियात (आजचा इराक), म्हणजे तुमच्या बसऱ्याकडे पाठवलं. १९१६ मध्ये तीच जागा न्यूझीलंडच्या एक नंबर जनरल हॉस्पिटलला मिळाली. ते १९१९ पर्यंत चाललं, वीस हजारांहून जास्त जखमी तिथून गेले. जे जगले नाहीत त्यांतले ९३ त्या उतारावर आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानेही लष्करी हॉस्पिटलांत माणसं नेली, फक्त गोळ्यांनी नव्हे.

आता खेड्यातच का? आघाडीवर मेलेल्याला घरी न्यायला १९१५ मध्ये बंदी घातली. पण इंग्लंडातच हॉस्पिटलात मेलेला इंग्रज पोरगा घरचे आपल्या गावी नेऊ शकत. म्हणून तिकडे हजारो चर्चांच्या आवारात असे एकेक-दोनदोन दगड सापडतात. न्यूझीलंडवाल्याला नेणार कोण? बोटीचा प्रवासच दीड महिन्याचा. तो हॉस्पिटलजवळच राहिला आणि रांग वाढत गेली.

दगड एका मापाचे, कारण १९१७ मध्ये स्थापन झालेल्या वॉर ग्रेव्हज कमिशनने तसं ठरवलं. दोन फूट आठ इंच उंच, सव्वा फूट रुंद, कर्नल असो की शिपाई. इतर देशांच्या दगडांवर तळाला घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. न्यूझीलंड सरकारने तीही नाकारली, त्यामुळे तुम्हाला नुसतं नेच्याचं पान दिसलं. सुखाचा दगड वेगळा, कारण तो मेला तेव्हा कमिशनच नव्हतं. गावाने पदरचे पैसे घालून केला.

पणजोबांचं जरा अवघड आहे. त्यांचा पलटणीतला शिपाई नंबर कळल्याशिवाय पुढे सरकणार नाही. चकतीवर तो नसतो, मेडलच्या कडेवर असतो. चांदीचं मेडल बहुतेक घरांत सोनाराकडे गेलं. त्याच्या जोडीचं ब्राँझचं एक असतं, पंखवाली बाई असलेलं, ते कुणी विकत घेत नसे. पितळेच्या भांड्यांत, जुन्या ट्रंकेत शोधा.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

सुखाबद्दल मला लिहायचंय.

तो मेहतर होता, हॉस्पिटलातला झाडूवाला. मेल्यावर काय झालं याची हकीकत तिकडच्या लिखाणात येते ती अशी : हिंदूंनी जाळायला नकार दिला, कारण तो जातीबाहेरचा. मग वोकिंगच्या मशिदीत विचारलं, तिथे म्हणाले हा मुसलमान नव्हे. शेवटी ब्रोकनहर्स्टचा पाद्री म्हणाला, आमच्यासाठी मेला ना, मग आमच्या आवारात पुरू.

लोक ही गोष्ट ‘बघा गोरे किती चांगले’ म्हणून सांगतात. पाद्री भला माणूस होता, वाद नाही. पण सुखा बरेलीहून तिथपर्यंत पोचला कसा? जात सांभाळायलाच नेला ना. सरकारनेच जखमींसाठी जातधर्म बघून व्यवस्था लावली होती. ब्रायटनच्या राजवाड्यात केलेल्या हॉस्पिटलात तर नऊ स्वयंपाकघरं आणि हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे. मग संडास साफ करायलाही त्याच जातीचा माणूस बोटीत घालून न्यायचा. सात समुद्र ओलांडले तरी झाडू हातातच. आणि मेल्यावर कुणाच्या स्मशानात जागा नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीतली गोष्ट घ्या. महारांची भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत, त्यांना ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असं सांगितलं. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

आत्या, तुम्ही तो दगड उभं राहून पूर्ण वाचलात, बरं वाटलं.

---

पामबीच_पायलट

इंग्रजांचे गोडवे गायचा आणखी एक धागा. आपली माणसं त्यांच्या लढाईत मेली आणि आपण त्यांच्या दगडांची मापं मोजतोय.

---

नेरुळचा_खलाशी

पामबीच, वरचा प्रतिसाद न वाचता लिहिलंय बहुतेक.

मी मर्चंट नेव्हीत होतो. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये ब्राँझच्या पट्ट्यांवर पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं आहेत. ज्यांना समुद्राशिवाय थडगंच नाही असे. त्यांत कोकणातली नावं दिसतात. ठाण्याहून लोकलने तासाभराचं काम, पण तिथे गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ब्रोकनहर्स्टला मात्र दरवर्षी २५ एप्रिलच्या सुमारास न्यूझीलंडवाल्यांसाठी प्रार्थना होते, गावातली शाळकरी पोरं येतात.

---

नौपाड्याची_आत्या

सगळ्यांचे आभार. पामबीच, राग समजू शकते, पण पणजोबा माझे आहेत हो.

ऐरोली, तुमचं वाचून सुनेलाही पाठवलं. तो दगड मी ‘किती छान’ म्हणत वाचला होता, आता तसा वाचता येणार नाही.

भावाला फोन केला. तो आधी हसला, मग माळ्यावर चढला. वहिनीच्या लग्नातल्या परातीत बुडाशी, गंजलेल्या अडकित्त्याबरोबर सापडलं! पंखवाली बाईच. फीत कुजून गेलीय, कडी वाकडी. कडेवर भिंग धरून त्याने अक्षरं वाचली : नंबर, मग ‘सिपॉय’, मग आमच्या पणजोबांचं नाव (इंग्रजीत असं काही लिहिलंय की कर्नाटकातलं वाटावं), आणि शेवटी ‘११७ मराठाज’. कोपरीकर, आता सांगा.

चांदीचं मात्र गेलं. त्याच्या पाटल्या झाल्या, असं वहिनीच्या सासूबाई म्हणजे माझी आईच सांगायची.

---

कोपरीकर_निवृत्त

११७ मराठा म्हणजे कूत! सहाव्या पूना डिव्हिजनमधली पलटण. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. शेवटी घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात फार माणसं गेली. वेढा उठवायला बाहेरून जे सैन्य धडका देत होतं त्यात फ्रान्सहून आलेली मीरत आणि लाहोर डिव्हिजन होती. म्हणजे आत्या, मीरत रोडवरच्या हॉस्पिटलातून बरे होऊन निघालेले काही शिपाई तुमच्या पणजोबांच्या पलटणीच्या दिशेने लढत आले असणार.

नावाचं आता स्पष्ट सांगतो. ज्यांचं थडगं नाही अशा मेसोपोटेमियातल्या चाळीस हजारांवर लोकांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अफसरांची आहेत, पण हिंदी शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा कोरला. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर हेच शिपाई नावानिशी आहेत. बसऱ्याला मात्र आकडा. एकाच मापाच्या दगडाचा नियम करणाऱ्या कमिशनने हे केलं. २०२१ मध्ये त्यांच्याच समितीने अहवाल दिला : पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० लोक, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, नावाने नोंदलेच गेले नाहीत किंवा अजिबात नोंदले नाहीत, संख्या ३,५०,००० पर्यंतही असू शकते. कमिशनने माफी मागितली. पामबीच, हा आकडा तुमच्यासाठीही.

तुमचे पणजोबा मात्र नोंदवहीत असण्याची शक्यता चांगली आहे, कारण चकती घरी आली, म्हणजे सरकारदरबारी मृत्यूची नोंद झालेली होती. कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. तिथे आडनाव टाकू नका. आपल्या माणसांची आडनावं कारकुनाने ऐकली तशी लिहिली, आणि पुष्कळांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गावच आहे. फक्त मेडलवरचा नंबर टाका, सैन्य ‘इंडियन आर्मी’ निवडा, युद्ध पहिलं. चार-पाच जण येतील, त्यांतला ११७ मराठाचा बघा. नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका असतं, त्यावरून खात्री होईल. नसेलच सापडलं तर बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरला आणि दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनला पत्र टाका, मेडलच्या कडेचा फोटो जोडून. फोटो तिरप्या उजेडात काढायला सांगा भावाला, सकाळी खिडकीशी. आणि चकतीला आता चिंच लावू नका, कोरडं मऊ फडकं पुरे.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

नंबर इथे उघड टाकू नका, व्यनि (खासगी निरोप) करा. मी आज रात्री बसतो शोधायला. नेरुळचे खलाशी, मशीद बंदरला कधी जाताय? मी येतो.

---

नेरुळचा_खलाशी

रविवारी नको, तिथे बंद असतं की काय ते विचारून सांगतो. मेगाब्लॉकही बघावा लागेल.