घरगुती ऊर्ध्वपातन: गुलाबजल मिळाले, पण तेल का दिसत नाही?

प्रश्न: मी १ किलो ताज्या गुलाबपाकळ्या पाण्यात उकळून, वाफ थंड करून सुमारे १ लिटर गुलाबजल गोळा केले, परंतु त्यावर तेलाचा थर आला नाही आणि त्याला किंचित करपट वास येतो. माझे कुठे चुकले असावे?

उत्तर १: तेल न दिसणे ही तुमची चूक नव्हे. १ किलो गुलाबतेलासाठी साधारण ३,००० ते ४,००० किलो पाकळ्या लागतात, म्हणजे तुमच्या पाकळ्यांत जेमतेम पाव ग्रॅम तेल असणार. शिवाय गुलाबाच्या सुगंधातील फिनाइल इथेनॉल हा महत्त्वाचा घटक पाण्यात विरघळत असल्याने तो गुलाबजलातच राहतो. तेल पाहायचेच असेल, तर निलगिरीची पाने घ्यावीत.

उत्तर २: करपट वास मात्र टाळता येतो. केवळ वाफेवर ठेवल्यास पाकळ्यांचे गोळे होतात, म्हणून त्या पाण्यातच असाव्यात. पण तळाशी जाळी, भरपूर पाणी आणि मंद आच हवी. वाफेची वाट कधीही बंद होऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

उत्तर ३: गुलाबजल निर्जंतुक काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पाणी तळाला आटले होते, हे आता लक्षात आले.