कुत्री जास्वंदीची आळी उकरतेय, काय करू?

सांगलीची_बाग
आमच्याकडे दीड वर्षाची गावठी कुत्री आहे, चिंगी. उन्हाळाभर टाकीच्या सावलीत ओल्या मातीत खड्डा करून पडायची, ते चालवून घेतलं. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र सासूबाईंच्या जास्वंदीच्या आळ्यात नाक खुपसून उकरते आणि माती चाटतेसुद्धा. कंपाउंडच्या भिंतीलगत वेगळंच भगदाड पाडलंय. ओरडलं की कान पाडून बसते, पाठ वळली की पुन्हा सुरू. सासूबाई म्हणतात दिवसभर बांधून ठेवा, शेजारीण म्हणते मिरचीपूड टाका.

कराडकर
बाकीचं नंतर. आळ्यात खत कुठलं घातलंय?

सांगलीची_बाग
नर्सरीतून आणलेलं मिश्रण. पाकिटावर निंबोळी पेंड, एरंडी पेंड, बोनमील असं लिहिलंय.

कराडकर
ताई, मग आधी चिंगीच्या डॉक्टरांना फोन करा. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. त्यात बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, वासाला ती भुलणारच. उलट्या, रक्ती जुलाब कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात, त्यामुळे आज शेपटी हलवतेय यावर जाऊ नका. जाताना पाकीट बरोबर न्या. आळ्यातली वरची माती काढून लांब टाका. यापुढे गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत घाला.

भिंतीचं प्रकरण निराळं वाटतं. तिथे मान तिरकी करून, कान टवकारून ऐकत बसते का? जवळ भुसभुशीत मातीचा ताजा ढीग आहे का? असेल तर खाली घूस आहे आणि चिंगी आपलं काम करतेय. बीळ बुजवा, पिंजरा लावा, पण विषाच्या वड्या ठेवू नका. वडी किंवा मेलेली घूस, दोन्ही तिच्या तोंडात जाऊ शकतात. पावसाळ्यात उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, लस झालीय का तेही डॉक्टरांना विचारा.

मिरचीपूड अजिबात नको. नाकाडोळ्यांत जाऊन आग होते, आणि पहिल्या सरीत धुऊन जाते ती वेगळीच. खणून झाल्यावर ओरडण्यालाही अर्थ नाही. कान पाडते ती तुमच्या आवाजाला घाबरून, खड्ड्याशी त्याचा संबंध तिला लागत नाही.

माझ्याकडे डॅशहाउंड आहे. ती जातच जर्मनीत बिळातले बॅजर नावाचे प्राणी काढायला तयार केलेली, त्याला खणू नको म्हणणं म्हणजे बदकाला पोहू नको म्हणण्यासारखं. मागच्या कोपऱ्यात विटांची चौकट करून वाळू टाकली. सकाळी त्यात उकडलेल्या रताळ्याचा तुकडा आणि दोराची गाठ पुरतो. दुसरीकडे पंजा मारला की न बोलता उचलून तिथे नेतो. जास्वंद वाचली. गुलाबाचा नाद मी सोडला.

वाईची_मावशी
चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी काही कुत्र्या पिल्लं नसतानाही जिन्याखाली, भिंतीच्या आडोशाला बीळ करतात, चपला-खेळणी नेऊन ठेवतात. आमचीला दूधही आलं होतं. आणि सासूबाईंना सांगा, बांधून ठेवलं तर साखळी पोचेल तेवढं सगळं अंगण खणून काढेल. त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ लांब फिरवा. आळ्यावर कोंबड्यांची जाळी अंथरून वर माती पसरा, तारांची टोकं खाली मुडपून.

सांगलीची_बाग
फोन केला, लगेच घेऊन या म्हणाले, निघतेय. ऑपरेशन झालेलं नाही, तेही विचारते. भिंतीपाशी मातीचा ढीग आहे खरा, आम्हाला वाटलं तिनेच उकरलाय.

कराडकर
घरी आल्यावर ढिगाजवळचं भोक बघा. मूठ आत जाईल एवढं गोल असेल तर घूसच. पाकीट घेतलंत ना?