बेलिचिकचा डाग किती मोठा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पॅट्रियट्स संघाचा मुख्य प्रशिक्षक असताना बिल बेलिचिकने मिळवलेली सहाही सुपर बोल (तिथल्या एनएफएल लीगचा अंतिम सामना) विजेतेपदं चोरीची, असं काही जण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. २००७ मध्ये पॅट्रियट्स पकडले गेले ते प्रतिस्पर्धी जेट्स संघाचे प्रशिक्षक खेळाडूंना डावपेच सांगायला ज्या खुणा करत, त्यांचं चित्रीकरण करताना. खुणा ओळखणं नियमाविरुद्ध नव्हतंच, सीमारेषेवरून कॅमेरा लावणं होतं, आणि लीगने २००६ मध्येच सगळ्यांना बजावलं होतं. म्हणजे चूक जाणूनबुजून केलेली. बेलिचिकला स्वतःला ५ लाख डॉलर दंड झाला, तो योग्यच. पण नंतर सगळ्यांची करडी नजर असताना त्याने आणखी तीन विजेतेपदं मिळवली, ती कशी नाकारणार?

तरीही डाग पुसून टाका असं मी म्हणणार नाही. इथे पुण्यात शाळकरी स्पर्धांत वय लपवून खेळाडू उतरवणारे प्रशिक्षक पाहिले की संताप येतो. हरलेल्या पोरांना तो सामना कोण परत देणार?