नर्सना डिझाइन थिंकिंग शिकवावं का?

नर्सिंग ट्यूटर:
बीएस्सी नर्सिंगला डिझाइन थिंकिंग शिकवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. अडचण नीट निरखायची, रुग्णालाच विचारायचं, कच्चा नमुना करून वापरून बघायचा. अमेरिकेत कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेच्या नर्सनी आयडिओ या डिझाइन कंपनीबरोबर हेच केलं. ड्युटी बदलली की पहिला पाऊण तास नर्सिंग स्टेशनवर हॅन्डओव्हरमध्येच, म्हणजे पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देण्यातच, जायचा. हा हॅन्डओव्हर त्यांनी खाटेपाशी, रुग्णादेखत सुरू केला. नवी नर्स रुग्णापर्यंत पोचायला निम्म्याहून कमी वेळ लागू लागला. नवी पद्धत आणि एक साधं सॉफ्टवेअर, एवढंच!

रात्रपाळीची सिस्टर:
मॅडम, काल रात्री ४२ पेशंट आणि आम्ही दोघी. निरखायला थांबायचं कधी? स्टॅण्ड नसला की सलाईन खिडकीच्या गजाला टांगतो, ते डिझाइन नाही तर काय? आधी माणसं द्या.

एनआयसीयूतली (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली) नर्स:
मी ट्यूटर मॅडमच्या बाजूची. १९५६ मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्ड हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात न्यायच्या. एका बाळाची कावीळ ओसरली होती, फक्त चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण पिवळाजर्द राहिला होता. तो त्यांनी डॉक्टरांना दाखवला. आज आमच्याकडची बाळं ज्या निळ्या दिव्याखाली असतात, त्याची सुरुवात इथली. यावरच्या १९५८ च्या शोधनिबंधावर मात्र नावं इतर तिघांची. आपलं निरीक्षण मांडायचं कसं, हे शिकवायलाच हवं.

रात्रपाळीची सिस्टर:
त्यांनी कुठला कोर्स केला होता? बाळांकडे बघायला सवड होती, म्हणून दिसलं.

बायोमेडिकल इंजिनिअर:
माझा आक्षेप वेगळा आहे. कच्चा नमुना रुग्णावर वापरायचा? चिकटपट्टीने जोडलेली नळी निर्जंतुक कशी करणार? अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टनच्या हॉस्पिटलात २०१५ मध्ये नर्सना वस्तू बनवायला स्वतंत्र कार्यशाळा सुरू झाली. तशी सोय आणि तपासणारं कुणी असेल तरच शिकवा.

नर्सिंग ट्यूटर:
तपासणीचं मान्य, सर. पण माणसं मिळेपर्यंत सगळं थांबवायचं, हे नाही पटत.

रात्रपाळीची सिस्टर:
मग त्या वर्गात मेट्रन आणि अधीक्षकांनाही बसवा. मी औषधांच्या ट्रॉलीत रंगीत पट्ट्या लावल्या होत्या. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी काढायला लावल्या, ट्रॉली चांगली दिसत नाही म्हणून.

नर्सिंग ट्यूटर:
पट्ट्या कशासाठी होत्या, ताई?

रात्रपाळीची सिस्टर:
पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे पातळ न करता शिरेत टोचलं तर जीव घेणारं औषध, आणि इंजेक्शनचं साधं पाणी, दोन्हींच्या अ‍ॅम्प्यूल आमच्याकडे सारख्याच दिसतात. पोटॅशियमच्या कप्प्याला लाल पट्टी होती.