निवृत्तीनंतर राहावे कुठे: धरमपेठ, बेसा की पुणे?

प्रश्न:
येत्या मार्चमध्ये मी सेवानिवृत्त होत आहे. नागपूरच्या धरमपेठेतील वडिलोपार्जित घराचा दुसरा मजला पत्नीच्या गुडघ्यांना झेपत नाही. मुलगा पुण्याला बोलावतो, तर मेहुण्यांच्या मते नागपुरातच बेसा भागात लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
काका, पुण्यात आधी काही महिने भाड्याने राहून पाहावे आणि तोवर नागपूरचे घर मुळीच विकू नये. मुलाची उद्या बंगळुरूला बदली झाली, तर अनोळखी शहरात आपण दोघेच उराल.

उत्तर २:
बेसा मोकळे आहे, मिहान प्रकल्प परिसरातील एम्स रुग्णालयही तिथून फारसे दूर नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना साध्या औषधांसाठी ऑटोची वाट पाहणे साठीनंतर सोसत नाही. फ्लॅट पाहायला मुद्दाम भर उन्हाळ्यात, दुपारी तीनला जावे. वरचा स्लॅब किती तापतो, कूलरला पाणी पुरते की टँकर मागवावा लागतो, हे तिथल्या चौकीदाराला विचारावे.

उत्तर ३:
माझ्या मते आपण धरमपेठ सोडूच नये. ओळखीचे डॉक्टर आणि हाकेला धावणारे शेजारी नव्या वस्तीत लगेच मिळत नाहीत. वरचा मजला भाड्याने देऊन जवळच तळमजला घ्यावा. मात्र २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरले. म्हणून नदीपासूनचे अंतर आणि जोत्याची उंची पाहिल्याशिवाय करार करू नये.